पायाखालचे प्राग



परदेशी जाऊन आलेल्या माणसांना व्याख्यानासाठी उभे केले की ती काय बोलणार याची कल्पना श्रोत्यांना आधीच असते. तिकडचे रस्ते किती स्वच्छ, गाड्या किती वेळेवर आणि माणसे किती शिस्तीची, हे आपण या व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकले आहे. आज ते सांगायचे नाही. आज आम्ही आमच्या एका फसलेल्या सहलीची हकीकत सांगणार आहोत. फसलेली अशासाठी म्हणतो की शुक्रवार ते रविवार आम्ही प्राग शहरात होतो, आणि ज्यासाठी सारे जग प्रागला जाते तो किल्ला काही आम्ही पाहिला नाही. परत आल्यावर ज्याने त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "किल्ला पाहिलात ना?" पुलावरून दिसला तेवढा पाहिला, हे आमचे उत्तर. तो का राहिला, आणि त्याबदली काय मिळाले, हाच आजचा विषय.

आम्ही सातजण जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात शिकत होतो. चौघे महाराष्ट्रातले, एक बंगाली मुलगी, भौतिकशास्त्राचा एक पोलिश विद्यार्थी आणि इतिहास शिकणारी एक जर्मन मुलगी. लाइपझिगहून प्राग काही फार लांब नाही. ड्रेस्डेनला गाडी बदलायची. मग एल्ब नदीच्या काठाकाठाने, वालुकाश्माच्या उंच कड्यांखालून गाडी चेक देशात शिरते आणि पुढे व्ल्टाव्हा नदीची सोबत धरून प्रागला पोहोचते. शुक्रवारचे तास संपवून निघाले की रात्रीच्या जेवणाला प्रागमध्ये.

सहलीची सूत्रे आमच्या एका गणिती मित्राकडे होती. त्याने पाऊण पानाचे वेळापत्रक केले होते, आणि त्यात पाव-पाव तासाचा हिशेब होता. शनिवारी जुने शहर, ज्यू वस्ती आणि पूल, रविवारी सबंध दिवस किल्ला, संध्याकाळी गाडी. वेळापत्रक करणाऱ्या माणसाशी सहलीत वाद घालू नये हा अनुभव तुम्हां सर्वांना असेलच. आम्हीही घातला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही जुन्या शहराच्या चौकात गेलो. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारे हे यंत्र कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने बनवले, आणि त्याचे गणित विद्यापीठातील यान शिंडेल या प्राध्यापकाचे होते असे मानतात. घड्याळाच्या बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून तास मोजण्याची जुनी बोहेमियन रीत अजून दिसते. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत. तिकडे मावळतीला दिवस सुरू होई. तासाचा ठोका जवळ आला की चौकात शेकडो माणसे माना वर करून उभी राहतात. खिडक्या उघडतात, बारा प्रेषित एकामागून एक दर्शन देऊन जातात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि गर्दी पांगते. आम्हीही मान वर करून उभे होतो. आमच्या बंगाली मैत्रिणीच्या हातातून हातमोजा निसटला, तो उचलायला ती वाकली, आणि म्हणाली, "इथे खाली काहीतरी आहे."

जवळच फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे क्रूस बसवलेले होते. मोजले, सत्तावीस भरले. लोक त्यांच्यावरून चालत होते. आम्हीही नुकतेच चालून आलो होतो.

२१ जून १६२१ रोजी या चौकात सत्तावीस माणसांना देहदंड देण्यात आला. आदल्या वर्षी ८ नोव्हेंबरला प्रागजवळच्या श्वेतगिरीवर बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा पराभव झाला होता, आणि हाब्सबुर्ग सम्राटाने त्याची शिक्षा दिली ती अशी चव्हाट्यावर. त्या सत्तावीसांत प्राग विद्यापीठाचा कुलगुरू होता. यान येसेनियस त्याचे नाव. पेशाने वैद्य, १६०० साली प्रागमध्ये त्याने लोकांसमक्ष शवविच्छेदन करून दाखवले होते. टायको ब्राहे आणि केप्लर या दोन ज्योतिर्विदांचे बिनसले तेव्हा मध्यस्थी केली तीही यानेच. बंडखोरांच्या वतीने तो बोलला, म्हणून मारण्यापूर्वी त्याची जीभ कापण्यात आली. बारा मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली, ती दहा वर्षे तिथेच होती. आमच्या जर्मन मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली. हा येसेनियस काही काळ लाइपझिगला शिकत होता. म्हणजे आमच्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी!

तेवढ्यावरून आमचे पाय विद्यापीठाकडे वळले. कारोलिनम ही विद्यापीठाची जुनी वास्तू चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. चौथ्या चार्ल्सने १३४८ साली हे विद्यापीठ स्थापले. पण आम्हां लाइपझिगकरांना तिथे वेगळ्याच कारणाने थांबावे लागले. आमचे विद्यापीठ जन्माला आले ते या वास्तूतल्या एका भांडणातून.

ते भांडण मतांचे होते. प्रागच्या विद्यापीठात त्या काळी चार 'राष्ट्रे' असत: बोहेमियन, बव्हेरियन, सॅक्सन आणि पोलिश. प्रत्येकाला एक मत. त्या वेळी रोममध्ये एक पोप, आविन्योंला दुसरा, असा घोळ चालू होता. राजा चौथा वेंत्सेल याला दोन्ही पोपांपासून अलिप्त राहायचे होते, आणि विद्यापीठाचा पाठिंबा हवा होता. बोहेमियन मंडळी तयार होती; बाकीची तीन राष्ट्रे होईनात. तेव्हा १८ जानेवारी १४०९ रोजी राजाने कुटना होरा गावाहून आज्ञापत्र काढले. यापुढे बोहेमियनांना तीन मते, आणि उरलेल्या तिघांना मिळून एक. परक्या अध्यापकांनी नि विद्यार्थ्यांनी निषेध केला, आणि त्यांतले शेकडो प्राग सोडून गेले. त्यांच्यापैकी पुष्कळजण लाइपझिगला आले. त्याच वर्षी २ डिसेंबरला लाइपझिग विद्यापीठाची स्थापना झाली.

आता यातली अडचण ऐका. या आज्ञापत्राच्या बाजूने उभा राहिलेल्यांत यान हुस होता, आणि त्यानंतर विद्यापीठाचा प्रमुख झाला तोही हुसच. हा साधासुधा माणूस नव्हे. धर्मसत्तेपुढे आपले मत मागे घेण्यास त्याने नकार दिला, म्हणून ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे त्याला जिवंत जाळले. चौकाच्या मध्यभागी त्याचे प्रचंड स्मारक आहे. चेक राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावरचे 'सत्याचा विजय होतो' हे वाक्य त्याच्याच परंपरेतले. आपल्या राजमुद्रेवरचे 'सत्यमेव जयते' ज्यांनी लहानपणापासून नाण्यांवर पाहिले, त्यांना ते परके कसे वाटावे? पण सत्यासाठी जळालेला हाच माणूस पाहुण्या विद्यार्थ्यांची मते काढून घेण्याच्या बाजूचा होता. आम्ही सगळे परक्या विद्यापीठातले पाहुणे. हुसच्या पुतळ्यापुढे हात जोडावेत की तक्रार करावी हे आम्हांला ठरवता येईना. शेवटी दोन्ही केले. थोर माणसांपुढे दोन्ही करता यावे, असे आम्हांला वाटते.

दुपारी ज्यू वस्तीकडे गेलो तर सगळी दारे बंद. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ. त्या दिवशी तिथली प्रार्थनामंदिरे पाहुण्यांना उघडत नाहीत. आमच्या गणिती मित्राने पाव-पाव तास मोजले होते, वार मोजायचा राहिला होता. मग पूल पाहिला. १३५७ साली पायाभरणी झालेला, पाचशे सोळा मीटर लांबीचा, सोळा कमानींचा आणि दुतर्फा तीस पुतळे मिरवणारा तो पूल संध्याकाळच्या उजेडात फार सुंदर दिसतो, आणि समोरच्या टेकडीवर किल्ला. "उद्या," आमचा मित्र किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाला.

रविवारी सकाळी न्याहारीला वाद झाला. इतिहासवाली जर्मन मुलगी म्हणाली की पिंकास प्रार्थनामंदिर पाहिल्यावाचून परत जाता येणार नाही. बंगाली मैत्रिणीने तिला साथ दिली. बाकी आम्हां पाचांना किल्ला हवा होता. मते झाली, पाच विरुद्ध दोन. "झाला निकाल," गणिती मित्र म्हणाला, "ज्यांना तिकडे जायचे त्यांनी जावे. संध्याकाळी स्टेशनवर भेटू." यावर पोलिश मित्र चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे पुन्हा १४०९! मते मोजली, आणि पाहुणे उठून गेले."

सगळे हसलो. हसणे ओसरल्यावर ती मुलगी हलकेच म्हणाली, "मला तिथे एकटीने जायचा धीर होत नाही. आमच्या घरी त्या काळाबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही बरोबर असाल तर जाईन."

यावर कोण काय बोलणार? अर्धा तास तिकडे जाऊ आणि मग किल्ला, असे ठरले.

श्रोतेहो, पिंकास प्रार्थनामंदिरात मूर्ती नाही, चित्र नाही, सोन्याचांदीचे काही नाही. आत फक्त भिंती आहेत आणि भिंतींवर नावे. बोहेमिया आणि मोराव्हियातील ज्या ज्यूंना नाझींनी मारले, त्यांची जवळजवळ अठ्ठ्याहत्तर हजार नावे तिथे हाताने लिहिली आहेत. गावाचे नाव, त्याखाली आडनाव, मग एकेकाचे नाव, जन्मतारीख, आणि तो जिवंत असल्याची शेवटची ठाऊक असलेली तारीख. लांबून पाहिले तर भिंतीला करडा रंग दिला आहे असे वाटावे. जवळ गेले की त्या रंगाची अक्षरे होतात.

व्हात्स्लाव्ह बोश्टीक आणि यिर्झी यॉन या दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात ही नावे लिहिली. १९६८ साली, भिंतींत पाणी मुरते म्हणून, मंदिर बंद करण्यात आले. ते वर्षानुवर्षे बंदच राहिले आणि कम्युनिस्ट राजवटीत ती नावे भिंतींवरून गेली. राजवट कोसळल्यावर, १९९२ ते १९९६ या काळात, सगळीच्या सगळी पुन्हा लिहावी लागली. एकदा माणसे गेली, मग नावेही गेली, आणि ती परत आणण्यासाठी कोणाला तरी हातात कुंचला घेऊन पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

आमचा गणिती मित्र एका भिंतीपुढे बराच वेळ उभा होता. मग त्याने वेळापत्रकाचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काही आकडे मांडले. म्हणाला, "एक नाव वाचायला दोन सेकंद धरा. सगळी वाचायला त्रेचाळीस तास वीस मिनिटे लागतील." शुक्रवारी रात्री प्रागला उतरल्यापासून रविवारी संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत आमच्या हाती साधारण तेवढेच तास होते. म्हणजे जेवण नाही, झोप नाही, पूल नाही, घड्याळ नाही. सबंध सहलभर नुसती नावे वाचली असती, तर ती जेमतेम संपली असती. तेही नुसती नावे, माणसे नव्हेत. त्यानंतर किल्ल्याचा विषय त्याने काढला नाही, आणि दुसऱ्या कोणीही काढला नाही.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रे आहेत. तेरेझीनच्या बंदिवासात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ साली तिला आउश्विट्सला नेले, त्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे तिने दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. ती वाचली, ती स्वतः वाचली नाही, आणि चित्रे काढणारी बहुतेक मुलेही वाचली नाहीत. घरे, झाडे, फुले. कोणत्याही शाळेच्या भिंतीवर असतात तशीच चित्रे. त्यांच्याविषयी अधिक बोलण्याची आमची शक्ती नाही.

मंदिराला लागून जुनी दफनभूमी आहे. सर्वांत जुना दगड १४३९ सालचा. शेवटचे दफन १७८७ साली. ज्यूंना जागा वाढवून मिळेना, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून त्यावर नवी, अशी थरांवर थर रचलेली. वर दिसतात ते सुमारे बारा हजार दगड. खाली किती निजले आहेत कोण जाणे.

तिथून दोनचार मिनिटांवर नदीकाठी एक चौक लागतो. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाची इमारत तिथे आहे आणि चौकाला यान पालाख या विद्यार्थ्याचे नाव आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. हळूहळू लोक निमूटपणे सोसू लागले. तेव्हा १६ जानेवारी १९६९ रोजी वीस वर्षांच्या पालाखने वेंत्सेल चौकात स्वतःला पेटवून घेतले. वृत्तपत्रांवरील नियंत्रण उठवावे, ही त्याची एक मागणी. तीन दिवसांनी तो गेला. हा मार्ग कोणी धरावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही; जिवंत राहून लढणे हेच तरुणांचे काम. पण त्याच्या मृत्यूनंतर काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. त्याच्या थडग्यावर लोक फुले वाहू लागले, म्हणून १९७३ साली सत्ताधाऱ्यांनी त्याचे अवशेष उकरून काढून जाळले आणि थडगे तिथून हलवले. १९९० साली ते पुन्हा मूळ जागी आणले. ज्या राजवटीला मेलेल्या विद्यार्थ्याच्या थडग्याची भीती वाटते, तिच्या बळाविषयी अधिक काय सांगावे?

प्रागमध्ये विद्यार्थ्यांनी किंमत मोजण्याची ही पहिली वेळ नव्हती. २८ ऑक्टोबर १९३९ रोजी नाझींविरुद्धच्या निदर्शनात यान ओप्लेताल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गोळी लागली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेचे पुन्हा निदर्शन झाले. १७ नोव्हेंबरला नाझींनी विद्यार्थी चळवळीतल्या नऊजणांना ठार मारले, बाराशेंवर विद्यार्थ्यांना झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवले, आणि चेक विद्यापीठे बंद केली. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन १७ नोव्हेंबरला असतो तो यामुळे. बरोबर पन्नास वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९८९ रोजी, त्याच स्मरणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीला पोलिसांनी नारोद्नी रस्त्यावर बडवले. त्यातून जो उठाव झाला त्याने सहा आठवड्यांत राजवट उलथली. २९ डिसेंबरला नाटककार व्हात्स्लाव्ह हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. नारोद्नी रस्त्यावरच्या एका कमानीखाली भिंतीवर ब्राँझचे वर केलेले हात आहेत आणि ती तारीख. आम्ही ते पाहिले आणि वेंत्सेल चौक चढून राष्ट्रीय संग्रहालयापाशी आलो. पालाखने पेटवून घेतले तिथे स्मारक शोधू लागलो. पुतळा नाही, स्तंभ नाही. मग ध्यानात आले, मान खाली घालायची. फरसबंदीत ब्राँझचा एक क्रूस आहे, आणि त्याच्याखालून कोणीतरी वर येऊ पाहत असावे तशी तिथली जमीन फुगलेली आहे.

गाडीची वेळ झाली होती. परतीच्या वाटेवर बोहुशोवित्से नावाचे लहानसे स्थानक लागते. तेरेझीनला नेलेल्या माणसांना आरंभी याच स्थानकावर उतरवून पुढे चालवत नेत असत. आमची गाडी तिथे थांबली नाही. दिवे क्षणभर दिसले आणि गेले. आमची जर्मन मैत्रीण खिडकीशी बसली होती. तिने एवढेच म्हटले, "सुट्टीत घरी गेले की आजीला विचारीन." तिने विचारले की नाही हे आम्ही तिला विचारले नाही. तो प्रश्न तिच्या घरचा.

सोमवारी सकाळी आम्ही लाइपझिगला तासासाठी बाहेर पडलो. वसतिगृहाच्या रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या घरासमोर, पदपथात दहा सेंटिमीटरचे दोन पितळी चौकोन बसवलेले दिसले. त्यावर कोरले होते: इथे राहत होता, नाव, जन्मसाल, कोठे नेले, कोठे मारले. जर्मनीत शहरोशहरी असे दगड बसवले आहेत. आम्ही त्या रस्त्याने वर्षभर रोज जात होतो. दगड कालपरवा उगवलेले नव्हते. आम्हांला खाली पाहायला शिकण्यासाठी प्रागला जाऊन यावे लागले.

मंडळी, किल्ले पाहू नयेत असे आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीतल्या माणसांनी तसे म्हणणे शोभणारही नाही. आमचा गणिती मित्र तर किल्ल्यासाठी पुन्हा जाणार आहे. पण गावाची शोभा वर असते आणि त्याची किंमत पुष्कळदा पायाखाली असते. नंदुरबारच्या चौकात १९४२ साली शाळकरी शिरीषकुमारने गोळी झेलली. त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती पावलांना ते आठवत असेल? तुमच्या-आमच्या गावातही अशी एखादी पाटी, एखादे नाव पुसट झालेला चौथरा असेलच. व्याख्यान संपवून घरी जाताना जरा खाली पाहून चाला. आणि अक्षरे पुसट झालेली दिसली, तर पुन्हा लिहून काढा. एका नावाला दोन सेकंद लागतात. तेवढे तर आपल्यापाशी आहेत.